परड्यातले दोन सुतार

“वैनी, सुतार आलाय बघा तुमच्या परड्यात,” शेजारचे आण्णा भिंतीपलीकडून म्हणाले. फेब्रुवारीची सकाळ होती, ऊन अजून कोवळं होतं आणि मी मोरीच्या कट्ट्यावर भांडी पालथी घालत होते. ओल्या हातांनीच बाहेर आले. शेवग्याखालच्या मोकळ्या मातीत हुदहुद चालत होता. तांबूस मातकट अंग, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, लांब आणि किंचित वाकडी चोच. चोच मातीत खुपसायची, काहीतरी ओढून काढायचं, मान उडवून गिळायचं, की पुढं दोन पावलं. माझी चाहूल लागली तसा त्यानं डोक्यावरचा तुरा फुलवला आणि लगेच मिटवला. “आण्णा, हा हुदहुद,” मी म्हणाले, “सुतार वेगळा. तो झाडाच्या खोडावर असतो.” आण्णांनी जरा वेळ त्याच्याकडं बघितलं. “असंल. पर आमच्यात ह्यालाच सुतार म्हणत्यात. माझा बा बी म्हणायचा, त्येचा बा बी.” आवाजात वाद नव्हता. हातातलं वर्तमानपत्र घडी करून ते आत गेले.

मी सांगितलं ते बरोबरच होतं, आणि तरीही दिवसभर ते वाक्य मनातून जाईना. आण्णांचं लहानपण पंचगंगेच्या काठच्या गावात गेलं, कुळवामागं चालत, उसाला पाणी पाजत. हुदहुद हा मोकळ्या रानातला, बांधावरचा पक्षी. आण्णांच्या वडिलांनी तो जितक्या जवळून आणि जितका वेळ पाहिला असेल, तितका मी कधीच पाहिलेला नाही. मिटलेला तुरा मागं आणि लांब चोच पुढं, यामुळं त्याचं डोकं लहानशा टिकावासारखं दिसतं, आणि दिवसभर तो खाली मान घालून ठोकत-टोचत असतो. अशा पाखराला कुणी सुतार म्हटलं तर त्यात नवल काय? नुसते आण्णाच नाहीत, महाराष्ट्रातल्या निम्म्या खेड्यांत, शाळेच्या तक्त्यांवर, वाढदिवसाला पोरांना मिळणाऱ्या चित्रांच्या पुस्तकांतसुद्धा हुदहुद ‘सुतार पक्षी’ म्हणून बसलेला मी पाहिलाय. इतक्या माणसांच्या तोंडी असलेलं नाव चूक म्हणायचं तर कुणाच्या हिशेबानं, हे मला नीट समजून घ्यावंसं वाटलं.

माझ्या भाचीमुळं हा विषय आणखी पुढं गेला. ती अमेरिकेत असते. घरामागच्या अंगणात तिनं फीडर टांगलेत, एकात सूर्यफुलाच्या बिया, एकात शेंगदाणे. तिथं जाळीच्या पिंजऱ्यात चरबीची वडी ठेवायची पद्धत आहे, थंडीत पक्ष्यांना ऊब देणारं खाणं म्हणून. हिचं मन त्याला धजावलं नाही, तिनं शेंगदाण्यांवर भागवलं. बर्फ पडायला लागलं की तिच्या खिडकीसमोर गर्दी उसळते आणि ती मला फोटो पाठवत राहते. त्यातला एक असा: पाठीवर काळ्या-पांढऱ्या आडव्या रेघा, टाळूपासून मानेपर्यंत झगझगीत लाल पट्टा, पोट मात्र मळकट पांढरं. खाली लिहिलं होतं, “मावशी, याचं नाव रेड-बेलीड वुडपेकर. पोट कुठं लाल आहे ते तू सांग.” फोटो मोठा करून पाहिला. पायांच्या मध्ये, अगदी खाली, पिसांवर गुलाबी-लालसर झाक होती. कुणी बोट ठेवून दाखवली नसती तर दिसली नसती. डोकं एवढं लाल असलेल्या पक्ष्याला लाल डोक्याचा का म्हणू नये? तर ते नाव आधीच त्याच्या भावकीतल्या दुसऱ्याला गेलेलं, ज्याचं डोकं, गळा, मान सगळंच लालभडक असतं. तिच्या फीडरवर येणारे आणखी दोन ठिपकेदार सुतार तर दिसायला एकच. एकाला नाव डाऊनी, म्हणजे मऊ लवेचा, दुसऱ्याला हेअरी, म्हणजे केसाळ. पाठीवरची पांढरी पिसं एकाची मऊ आणि दुसऱ्याची लांब तंतूंची, म्हणून हा फरक. तो बोटांनी चाचपल्याशिवाय कळत नाही. खिडकीतून ओळखायचं तर अंगाची आणि चोचीची लांबी बघायची: केसाळाची चोच जवळजवळ डोक्याएवढी, लवेवाल्याची आखूड.

नावं अशी का पडली असतील, हा तिचा प्रश्न. माझ्याही परड्यात तोच प्रश्न येऊन बसला होता.

आमच्याकडं फीडर म्हणजे शेवग्याच्या फांदीला टांगलेली मातीची थाळी आणि शेजारी पाण्याचं परळ. थाळीत तांदळाच्या कण्या, बाजरी, कधी पिकल्या पपईची फोड. चिमण्या, बुलबुल, साळुंक्या आणि खारी यांची तिथं सकाळपासून वर्दळ असते. पपई ठेवली की तांबट येतो. एरवी हा पक्षी कुठंतरी उंच बसून एकसुरी टुक्-टुक् करत राहतो, दिसत म्हणून नाही. पण पपईच्या फोडीवर उतरला की त्याचं हिरवं अंग, कपाळावरचा लाल टिळा, गळ्याचा पिवळा रंग सगळं अगदी हातभर अंतरावरून बघून घ्यावं. सुतार मात्र दाण्यासाठी येत नाही. पपईचा रस थाळीतून फांदीवर ओघळतो, त्याच्या वासानं काळ्या मुंग्यांची रांग खोडावरून वर चढते, आणि त्या रांगेसाठी तो येतो. आधी लांबून आवाज येतो, कर्कश आणि भराभर, कुणी मोठ्यानं खिदळावं तसा. मग झोके घेत उडणारं सोनेरी काहीतरी येऊन खोडाला चिकटतं. पाठ सोन्याच्या रंगाची, तुरा लाल, चेहऱ्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा. नर असेल तर सगळा माथा लाल, मादी असेल तर कपाळाकडचा भाग काळा आणि त्यावर बारीक पांढरे ठिपके. खोडावर तो सरळ चालत नाही, उड्या मारत गोल फिरत वर जातो. आपण या बाजूला गेलो की तो त्या बाजूला. एका डोळ्यानं आपल्याकडं बघत, बाकीचं अंग खोडाआड ठेवून.

मराठीत याला सोनपाठी सुतार म्हणतात. इंग्रजीतही पूर्वी सोनेरी पाठीचाच म्हणत. आता पुस्तकांत नाव आहे ब्लॅक-रम्प्ड फ्लेमबॅक, म्हणजे काळ्या कटीचा, ज्वाळेच्या पाठीचा. कटीचा, म्हणजे पाठीच्या शेपटीलगतचा, तो काळा भाग पंख मिटलेले असताना झाकलेला असतो, उडताना क्षणभर दिसला तर दिसला. नाव देणाऱ्यांचं कारण खरं आहे. घाटात याच्यापेक्षा मोठा, याच रंगाचा, दिसायला जवळजवळ जुळा असा दुसरा सुतार असतो, आणि त्याची कटी लाल असते. दोघांना वेगळं सांगायचं तर झाकलेली खूणच नावात घ्यावी लागली. शास्त्रीय नावात तर हा बंगालचा आहे, बेंगालेन्सी. कार्ल लिनियसनं १७५८ मध्ये याला ते नाव दिलं, आणि त्याच साली भाचीच्या फीडरवरच्या लाल पोटवाल्यालाही कॅरोलिनाचा म्हणून नाव दिलं. स्वीडनमध्ये बसून, दोन्ही देश न बघता, इतरांनी काढलेल्या चित्रांवरून आणि वर्णनांवरून. ‘लाल पोटाचा’ हे शब्द त्याच्याही आधीचे, मार्क केट्सबी नावाच्या इंग्रजाचे. तो अठराव्या शतकात कॅरोलिनाच्या जंगलांत फिरून पक्षी चितारत होता. तेव्हा दुर्बीण घेऊन पक्षी बघायची सोय नव्हती. नीट बघायचा तर तो मारून हातात घ्यावा लागे, आणि हातात उताणा घेतलेल्या पक्ष्याचं पहिलं काय दिसतं? पोट.

संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेले पक्षी मी पाहिलेत. लाकडी खण बाहेर ओढला की रांगेनं उताणे निजलेले असतात. डोळ्यांच्या जागी कापूस, पायाला चिठ्ठी, चिठ्ठीवर बारीक अक्षरात गाव आणि तारीख. रंग बऱ्यापैकी टिकलेले असतात. शास्त्राला त्यांची गरज आहे, हे मला पटतं. कुठल्या साली कुठं काय होतं, हे त्या चिठ्ठ्या नसत्या तर आज कुणालाच सांगता आलं नसतं. पण त्या खणासमोर उभं राहून मला फार उदास वाटलं होतं. लाल पोट, काळी कटी, मऊ लव, तंतूंची पाठ ही सगळी नावं तिथं बरोबर होती. एकेका पक्ष्यावर बोट ठेवून खात्री करून घेता येत होती. झाडावर मात्र तीच नावं हाती लागत नाहीत, कारण जिवंत पक्षी आपल्याला पोट दाखवायला थांबत नाही.

यात एक नाव माझ्या विशेष जिव्हाळ्याचं आहे. मराठा सुतार. जॉन लॅथम या इंग्लंडमधल्या डॉक्टरनं १८०१ मध्ये त्याला महराटेन्सिस असं नाव दिलं. दुसरं इंग्रज-मराठा युद्ध सुरू व्हायला दोन वर्षं होती. इंग्रजांच्या कागदांत तेव्हा मराठ्यांचा मुलूख हा शब्द रोजचा असणार. पक्षी चिमणीपेक्षा थोडा मोठा, पाठ काळी-पांढरी ठिपक्यांची, कपाळ पिवळसर, गळ्याखाली तपकिरी रेघा. विद्यापीठाच्या आवारातल्या बाभळींवर मला तो दिसलाय, आवाज न करता फांदीच्या खालच्या अंगाला उलटा लटकून काम करणारा. आता इंग्रजीत त्याला पिवळ्या माथ्याचा म्हणतात, मराठा हा शब्द फक्त शास्त्रीय नावात राहिलाय. तो मराठी मुलखापुरता कधीच नव्हता. पाकिस्तानापासून म्यानमारच्या पलीकडपर्यंत तो आहे. आणि गंमत अशी की त्याच्या पोटावर खरोखर लाल डाग असतो, भाचीच्या पक्ष्यापेक्षा कितीतरी ठळक. मी तिला ते कळवलं. तिनं लगेच फोटो मागितला. माझ्याकडं नव्हता, अजूनही नाही. तो बसतोच इतका वर.

आपल्या माणसांनी पक्ष्यांना नावं दिली ती लांबून, काम करता करता, कानानं. सुतार, तांबट, शिंपी, परीट, कोतवाल, सुगरण. पानं शिवून घरटं करणारा शिंपी. नदीकाठच्या धोंड्यावर शेपटी वरखाली आपटणारा परीट. कावळ्याला आणि घारीला हाकलून लावणारा कोतवाल. पहाटे दारात येणारा जोशी पिंगळा, आणि त्याच नावाचं घुबड. अख्खा गावगाडा झाडांवर नेऊन बसवलाय. त्यातही सुतार आणि तांबट शेजारी-शेजारी आले, हे मला फार आवडतं, कारण शास्त्राच्या वर्गवारीतही ते दोघे एकाच गणातले आहेत. दोघांच्याही पायाला पुढं दोन बोटं, मागं दोन. दोघेही स्वतःची ढोली स्वतः खोदतात. बोटं मोजून कुणी ती नावं दिली नव्हती. हातोड्याचा ठोका ऐकून दिली होती.

ते ठोके आता आपल्या कानांना कितपत माहीत आहेत? कोल्हापुरात तांबट कमान आहे, रिक्षावाल्याला नुसतं नाव सांगितलं की पुरतं. सुतारवाडा आहे. पंचगंगा पात्राबाहेर आली की पुराच्या बातम्यांत ते नाव अगदी सुरुवातीला येतं, राजाराम बंधाऱ्याच्या पातळीसोबत, आणि तिथली माणसं दरवर्षी बोचकी बांधून निघतात. वाड्याचं नाव कामावरून पडलं, आता ते पाण्यावरून आठवतं. माझ्या आजोळी, राधानगरीच्या वाटेवरच्या गावात, सुताराची पडवी होती. मृग निघायच्या आधी तिथं पाय ठेवायला जागा नसायची. नांगर, कुळव, कुरी, जू, कुणाचं इरलेलं चाक. आम्ही पोरं ढलप्या गोळा करायला जायचो, आजीच्या चुलीला त्या लागायच्या. बाभळीच्या ताज्या ढलपीला येणारा तुरट ओलसर वास मला अजून येतो. सुतारदादा लाकूड घेण्याआधी वाकसाच्या, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराच्या, तुंब्यानं त्याच्यावर ठोकून बघायचे, कान जवळ नेऊन. टण्‌ वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर आतून किडलंय. आम्हालाही ठोकायला द्यायचे आणि विचारायचे, “काय म्हणतंय?” आम्ही काहीही सांगायचो. ते मान हलवून पुन्हा ठोकायचे.

झाडावरचा सुतार हेच करतो. खोडावर हलकेच टोचत वर जातो, जिथं आवाज बदलतो तिथं थांबतो, कारण तिथं खाली किड्यानं पोखरलेला बोगदा असतो. मग खरं काम. शेपटीची पिसं ताठ आणि कडक असतात, ती खोडाला टेकवून तो तिसरा पाय करतो. चोच आदळण्याच्या क्षणी डोळ्यावर पडदा ओढून घेतो, नाकपुड्यांवर बारीक केसाळ पिसं असतात, भुसा आत जात नाही. जीभ चोचीच्या बाहेर लांबवर जाते. तिला आधार देणारी हाडं कवटीच्या मागून वळसा घालून वर कपाळाकडं आलेली असतात, म्हणून एवढी लांब जीभ एवढ्याशा डोक्यात मावते. टोकाला बारीक काटे आणि चिकट लाळ. शेवग्यावर मी ती पाहिली, पोपडा निघालेल्या सालीच्या फटीत आत-बाहेर होताना, मुंग्या पार निपटून घेताना. इतके ठोके मारूनही त्याच्या डोक्याला काही का होत नाही, याचं उत्तर वर्षानुवर्षं असं दिलं जायचं की त्याची कवटी धक्का शोषून घेते. २०२२ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यानं चित्रण करून तपासलं आणि तसं काही घडत नाही असं दाखवलं. डोकं सगळंच एकसंध कडक हातोडा होऊन आदळतं. धक्का शोषला तर ठोक्यातला जोर वाया गेला असता. मेंदू एवढा लहान आणि हलका की त्याला तो धक्का सोसतो. सुतारदादांना हे सांगितलं असतं तर त्यांना लगेच पटलं असतं. हातोड्याच्या डोक्याला गादी कोण बांधतं?

पण या नावांबद्दल माझं मन पूर्ण निर्मळ नाही. ती माणसांच्या जातींची नावं आहेत. शाळेत आमच्या वर्गात सुतार आडनावाची मुलगी होती. धडा निघाला की मागच्या बाकावरून कुणीतरी डेस्कवर बोटांनी ठक-ठक करायचं, आणि ती खाली मान घालून वहीवर रेघा ओढत बसायची. पडवीतल्या त्या सुतारदादांना वर्षाचं बलुतं मिळायचं, खळ्यावर धान्याच्या राशीतून, शेवटी, मापानं नव्हे तर देणाऱ्याच्या मर्जीनं. त्यांच्या पोरांनी वाकस हातात घेतला नाही. एक मुंबईला गेला, एक इचलकरंजीला. ते बरंच झालं. पक्ष्याला सुतार म्हणताना मला त्या हातांबद्दलचा आदर ऐकू येतो, आणि डेस्कवरची ठक-ठकही ऐकू येते. दोन्ही खरं आहे, आणि एकानं दुसरं पुसलं जात नाही.

नाव लाकूडफोड्या नाही, सुतार आहे, हे मात्र मला महत्त्वाचं वाटतं. फोडणारा आणि घडवणारा यांत फरक आहे.

सोनपाठी सुतार वर्षाच्या सुरुवातीला, साधारण फेब्रुवारीपासून, ढोली खोदायला लागतो. नर-मादी दोघेही पाळीपाळीनं. बाहेरून गोल दार, आत थोडं आडवं जाऊन मग खाली उतरणारी खोली, तळाशी गवत नाही, काड्या नाहीत, उरलेल्या भुशावरच पांढरी अंडी. पिल्लं उडून गेली की बहुतेक वेळा तो पुढच्या खेपेला नवी ढोली खोदतो. जुनी मोकळी होते. आणि मग तिथं राहायला कोण येतं ते बघावं. दयाळ, साळुंकी, पोपट, पिंगळा. यांपैकी कुणालाही ओल्या-वाळल्या लाकडात असं घर कोरता येत नाही, पण घर मात्र ढोलीतच हवं असतं. साळुंक्या आणि पोपट तर कधीकधी धीर धरत नाहीत, सुतार राहत असतानाच भांडून त्याला बाहेर काढतात. आणि हुदहुद. त्याची चोच लांब असली तरी मऊ मातीसाठीची, लाकूड तिला पेलत नाही. त्याला भिंतीतलं भोक चालतं, झाडाची नैसर्गिक पोकळी चालते, आणि सुतारानं सोडलेली ढोलीही चालते. त्या घरात त्याची मादी इतका कुजका वास करून ठेवते की मांजर, साप जवळ यायला धजावत नाही. म्हणजे आण्णांचा सुतार हा पुस्तकातल्या सुताराच्या घरी राहणारा निघाला. हे मी आण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “भाडं देतंय का?” आणि मग गंभीर होऊन, “मग त्यो बी सुताराच्या घरातलाच की, वैनी.”

दाजीपूरला गेलो होतो तेव्हा घाटातले सुतार पाहिले. गव्यांसाठी म्हणून ज्या रानाला आपण ओळखतो, तिथं झाडांच्या वरच्या मजल्यावर किती कारागीर कामाला असतात ते मान वर केल्याशिवाय कळत नाही. कावळ्याएवढा काळा, पांढऱ्या पोटाचा, लाल तुऱ्याचा सुतार. त्याचं शास्त्रीय नाव जावा बेटावरून, आणि या एकाचं पोट मात्र नावात सांगितलंय तसंच, लांबूनही दिसतं. एक अगदी लहान, शेपटी नसल्यातच जमा, अंगावर पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे काळे ठिपके. आणि एक तांबूस, ज्याची गोष्ट ऐकून माझा विश्वासच बसला नव्हता. झाडावर लोंबणारी मुंग्यांची वारुळं असतात ना, काळपट, कागदी लगद्याची, तो त्यातच भोक पाडून अंडी घालतो. मुंग्या खाणारा पक्षी मुंग्यांच्या घरात पिल्लं वाढवतो, आणि त्या मुंग्या पिल्लांना शिवत नाहीत. वाटाड्यानं असं एक वारूळ दाखवलं. फांदीखाली बराच वेळ उभी राहिले. कुणी आत गेलं नाही, बाहेर आलं नाही. नुसत्या मुंग्या फिरत होत्या.

तिथं, त्या रानात, एक गोष्ट पक्की मनात उतरली. जागोजाग वाळून उभी असलेली झाडं होती, काही नुसते बुंधे, आणि सगळ्यांत जास्त भोकं, सगळ्यांत जास्त ये-जा त्यांच्यावरच. आपण शहरात थाळ्या टांगतो, परळात पाणी भरतो. ते चांगलंच आहे, मी आयुष्यभर करत राहीन. पण सुताराला थाळीतलं काही नको आहे. त्याला वाळकं लाकूड हवंय, आणि नेमकं तेच आपण राहू देत नाही. दारात वाळकं झाड नको, अशुभ असतं. पडेल, वायरीवर येईल, शेजाऱ्याची कौलं फोडेल. जागा अडते. वाळलेली फांदी दिसली की कुणीतरी करवत घेऊन येतोच. रस्ता रुंद करताना उभी हिरवी झाडं जातात त्याबद्दल निदान कुणी बातमी छापतं, कुणी झाडाला मिठी मारून उभं राहतं. वाळक्या झाडासाठी कुणी उभं राहत नाही. ते गेलं तर सगळ्यांना साफसफाई झाल्यासारखं वाटतं. दयाळाचं घर, पिंगळ्याचं घर, हुदहुदाचं घर एका दुपारी सरपण होऊन जातं.

आमच्या परड्यात नारळ आहे. गेल्या वर्षीच्या वळवात त्याच्यावर वीज पडली. झावळ्या करपून खाली लोंबल्या, शेंडा गेला. घरात सगळ्यांचं एकच मत, पावसाळ्याआधी उतरवून टाकायचा. सासूबाईंना तर दारातला मेलेला नारळ बघवेना. तो त्यांनी स्वतः लावलेला, नातवाच्या बारशाच्या वर्षी. मला त्यांचं दुःख कळत होतं. तरीही मी हट्ट धरला. नारळ उतरवणाऱ्याला बोलावलं, तो कमरेला दोर बांधून वर चढला, लोंबत्या झावळ्या काढल्या, कुजका शेंडा काढला, खोड मात्र तसंच ठेवायला सांगितलं. त्यानं खाली येऊन मला दोनदा विचारलं, “नुसता खांब ठेवायचा?” हो म्हटलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दोन दिवस मागच्या दारानं बाहेरही आल्या नाहीत.

मार्चमध्ये त्या खोडाच्या बुंध्याशी ढलप्या दिसायला लागल्या. सुरुवातीला भुसा, मग नखाएवढे तुकडे, आत ताजा पिवळसर रंग. सासूबाईंनीच पहिल्यांदा पाहिल्या, तुळशीला पाणी घालताना. मला हाक मारून वर बघायला लावलं. मादी होती, कपाळावर ठिपके असलेली. अंगाचा पुढचा भाग भोकात, सोनेरी पाठ आणि ताठ शेपटी बाहेर. भोकातून मागं येऊन तिनं चोचीतला भुसा मान झटकून वाऱ्यावर सोडला आणि परत आत गेली. ते चालू असताना सासूबाईंनी तुळशीजवळचा पाट ओढून घेतला आणि बसून राहिल्या. पुढं बरेच दिवस दुपारी त्यांचा चहा तिथंच. नर आला की “हा बाप्या”, मादी आली की “ही बाई”, एवढंच त्यांचं वर्गीकरण, आणि ते कधी चुकलं नाही.

भाचीला मी हे सगळं लिहिलं. तिच्या अंगणाच्या कोपऱ्यात एका मॅपलची मोठी फांदी वाळलेली आहे, आणि तिथला झाडं छाटणारा माणूस पुढच्या महिन्यात यायचाय. तिनं त्याला कळवलंय की घराच्या बाजूचं काढा, कुंपणाकडचं राहू द्या. इथं खोडाची काळजी वेगळी आहे. मेलेल्या नारळात वाळवी शिरली की ते बुडातून पोकळ होत जातं, आणि आपला जून-जुलैचा वारा तर माहीतच आहे. आण्णा रोज सकाळी भिंतीपाशी येऊन बुंध्यावर काठीनं ठोकून बघतात, कान लावून. सध्या तरी टण्‌ वाजतंय म्हणतात. पिल्लं उडाली, ढोली रिकामी झाली की वरचा पाच-सहा फुटांचा तुकडा उतरवायचा, म्हणजे भार कमी होईल. भिंतीकडून दोर बांधून घ्यायचा, आणि ढोलीखालचं खोड आणखी एक पावसाळा उभं ठेवायचं, असं आमचं ठरलंय. दोर आण्णांकडं आहे.